तेल म्हणजे तेल

मिन्वरने माझ्या ब्रेकमध्ये काहीतरी कालवलंय, हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोललो तेव्हा टॅक्सीच्या थांब्यावर सात माणसं होती. मी मोजली होती. मी सगळंच मोजतो. पंपावर पेट्रोल भरताना काटा शून्यावर आलाय का ते उतरून बघतो, खाटीक मांस तोलतो तेव्हा त्याचा अंगठा कुठे आहे ते बघतो, आणि कुणी विनाकारण गोड बोललं की दोन दिवस त्याचं कारण शोधत बसतो. माझं लग्न लावणाऱ्या काझीलाही मी ओळखपत्र मागणार होतो. आईने डोळे वटारले म्हणून राहिलं.

तर त्या सात जणांसमोर मी चहाचा पेला वर धरला. पेल्यात चहा नव्हता. माझ्या गाडीच्या ब्रेकचं तेल होतं, आणि त्याचे दोन थर झाले होते. खाली तांबूस आणि पातळ, वर हिरवट पिवळं.

"बघून घ्या," मी म्हणालो. "ब्रेकच्या तेलाचे कधी थर होतात? तीस वर्षं ज्याच्या हातात जीव दिला, त्याने काय केलंय ते बघा."

"कुणी? मिन्वरने?" असं विचारणारा ड्रायव्हर कालपर्यंत मिन्वरच्या गॅरेजातच पडीक असायचा.

"मग काय गाडीने स्वतः पिऊन घेतलं?"

एकाने हळूच वळून स्वतःच्या गाडीकडे पाहिलं. ते मला दिसलं आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मी अजलूनच्या डोंगरावरून खाली घोरात, म्हणजे नदीकाठच्या गरम खोऱ्यात, शेअर टॅक्सी चालवतो. वरून थंडीत कुडकुडत निघालेला माणूस खाली पोचेपर्यंत स्वेटर काढतो, एवढा तो उतार आहे. वाटेत दोनदा कान बंद होतात. या रस्त्यावर ड्रायव्हर दोघांवर विश्वास ठेवतो, एक अल्ला आणि दुसरा आपले ब्रेक करणारा. बाकीच्या मिस्त्रींचं एक वेळ चालतं. रंग खराब निघाला तर गिऱ्हाईक शिव्या देतं आणि पुन्हा येतं. पण ब्रेकवाल्याचं नाव गेलं की त्याचं दुकान उघडं असूनही बंदच. मिन्वरजवळ त्या नावाशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि ते मला पुरतं माहीत होतं. तरी मी बोललो, कारण माझी खात्री होती.

खात्री का होती ते सांगतो.

उन्हाळ्यात नगरपालिकेची निवडणूक झाली. माझा चुलतभाऊ उभा होता आणि मिन्वरचाही. माझा अकरा मतांनी आला. आमच्याकडे अशा वेळी काय होतं ते सांगायला नको. लोक एकमेकांच्या लग्नाला जातात, पण जेवत नाहीत. मी मिन्वरच्या गॅरेजासमोरून जाताना दुसरीकडे बघू लागलो. आणि अशात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, तोच मला भर रस्त्यात हाक मारतो.

"हायल! गाडी आण. दोन वर्षं झाली."

"कशाला?"

"ब्रेकचं बदलायला. बॉनेटखाली तारीख लिहून चिकटवलीय मी, बघितली नाहीस?"

आता तुम्हीच सांगा. अकरा मतांनी हरलेला माणूस मला बोलावून घेऊन माझे ब्रेक का नीट करून देईल? कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला तेव्हाच वाटलं.

पाणी मुरतं हे मिन्वरचंच आवडतं वाक्य. ब्रेकच्या तेलाला तेल म्हटलेलं त्याला खपत नसे. "अरे, ते तेल नाही रे बाबांनो," तो ओरडायचा. "नाव चुकीचं पडलंय त्याचं. तेल कधी पाण्यात विरघळतं का? हे विरघळतं." मग ग्लासभर पाण्यात थेंब टाकून दाखवायचा. थेंब दिसेनासा व्हायचा. "हे हवेतलं पाणी पितं. झाकण लावलं तरी हळूहळू पितं. दोन वर्षांत इतकं पाणी मुरतं की उतारावर ब्रेक तापले की ते उकळतं, त्याची वाफ होते. मग पाय मारा हवे तेवढे, नुसती वाफ दाबली जाते, गाडी थांबत नाही." सगळे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं मिन्वर, मग तेल कधी बदलतोस?" तो डोकं धरून बसायचा.

मी गाडी नेली, कारण उतार मलाही दिसतो. पण थांबलो नाही. नव्या ऑइलमागोमाग नळीतली एअर काढायची तर दोन माणसं लागतात, एक चाकाशी आणि एक पेडलवर. एरवी पेडलवर मीच बसायचो आणि आम्ही दोघं तासभर गावातल्या सगळ्यांची उणीदुणी काढायचो. या वेळी किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि निघून आलो. पेडल दाबायला त्याने शेजारच्या न्हाव्याला बोलावलं. न्हावी त्यांच्याच पार्टीचा. हेही मी मनात लिहून ठेवलं.

पाच आठवडे गाडी ठीक चालली. मग एक दिवस वाटायला लागलं की मागून कुणीतरी गाडी धरून ठेवतंय. पाय काढला तरी ब्रेक सुटत नव्हते. चाकाजवळ हात नेला तर चटका बसायचा. दोन दिवस मी आज बघू, उद्या बघू केलं. जैतूनांची, म्हणजे ऑलिव्हची, तोडणी संपत आली होती आणि प्रवासी भरपूर होते. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीत चार बायका होत्या, घोरातल्या टोमॅटोच्या मळ्यांवर निघालेल्या, आणि त्यातल्या एकीच्या मांडीवर दह्याची बादली.

कुफ्रांजा गाव मागे पडलं आणि जळका वास आला. पुढच्या वळणावर पेडल दाबलं तर ते सरळ तळाला गेलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तळाला. पायाखाली काहीच नव्हतं. तोंडातून कलमा निघाला आणि हातांनी आपलं काम केलं. गिअर खाली टाकला, हँडब्रेक कचकन ओढला, आणि डोंगराच्या बाजूच्या मातीला गाडी घासत नेली. दार चेपलं, आरसा गेला, गाडी थांबली. मागे कुणी रडत होतं, कुणी दुआ मागत होतं. माझ्या मानेवरून गार काहीतरी ओघळत होतं. मला वाटलं रक्त.

"ते माझं दही आहे," मागून बादलीवाली म्हणाली. "हलू नकोस, अंगरख्यात जाईल."

मला हसू आलं नाही. मी उतरून रस्त्यावर बसलो. त्या चार बायकांना मिळून अकरा मुलं होती. नंतर मी विचारून घेतलं.

ट्रॅक्टरने गाडी ओढून घरी आणली आणि मी स्वतः बॉनेट उघडलं. ब्रेकच्या भांड्याचं पिवळं झाकण काढलं, तर आतलं रबर भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं टम्म फुगलेलं. परत बसेचना. एवढं मलाही कळतं की आत चुकीचं काही गेलं की रबरं फुगतात, फुगली की ब्रेक सुटत नाहीत, सुटले नाहीत की तापतात. पिचकारीने थोडं काढून पेल्यात घेतलं, थोड्या वेळाने थर दिसले, आणि मी पेला घेऊन सरळ थांब्यावर गेलो. पुढचं सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी मिन्वर माझ्या फाटकात उभा होता. आत ये म्हटलं नाही मी.

"हायल, तो पेला दे."

"कशाला? ओतून टाकायला?"

"नुसता वास घेतो."

"लांबून बघ."

"लांबून काय दिसणार? बरं, मला देऊ नकोस. तूच कर. पाण्यात टाक. मी घातलेलं असेल ते विरघळेल. दुसरं जे असेल ते वर तरंगेल. मग ते काय आहे ते शोध, आणि कुठून आलं ते शोध."

"वर तरंगणारं आहे हे तुला बरं ठाऊक!"

"अरे, माझा धंदा आहे तो," एवढंच तो म्हणाला आणि गेला. धंदाच म्हणे. मी पेला नेऊन कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. खिताम, माझी बायको, म्हणाली, "बघू तरी द्या, काय आहे त्यात." मी म्हणालो, "पुरावा आहे. हात लावायचा नाही." तिने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचा अर्थ तेव्हा मला दिसला नाही. मी बाहेरच्यांवर नजर ठेवून होतो ना.

आठवड्याभरात मिन्वरकडचं काम आटलं. कुणी भांडलं नाही, कुणी बोललं नाही. लोक गाड्या इर्बिद शहरात न्यायला लागले. मी भावाच्या गाडीतून त्याच्या गॅरेजावरून गेलो तर तो बाहेर खुर्ची टाकून बसला होता. दुपारची वेळ आणि त्याचे हात स्वच्छ होते. मिन्वरचे हात मी लग्नातसुद्धा स्वच्छ पाहिलेले नाहीत. मी तोंड फिरवलं. मग स्वतःला म्हटलं, नाटक करतोय.

शुक्रवारच्या नमाजानंतर अबू सख़र घरी आले. त्यांचा तेलाचा घाणा आहे. आमच्या सगळ्या बाजूची जैतूनं त्यांच्याकडेच पिळली जातात आणि गावातली निम्मी भांडणंही त्यांच्याकडेच मिटतात. खितामने कॉफी आणली. त्यांनी कप घेतला आणि न पिता समोर ठेवला.

मी मनात म्हटलं, झालं. आमच्याकडे पाहुण्याने कॉफी खाली ठेवली की त्याला काहीतरी मागायचं असतं, आणि यजमानाने हो म्हणेपर्यंत तो पीत नाही. नाही म्हणालात तर कप तसाच टाकून उठतो आणि ती गोष्ट सात गावांत जाते.

"मिन्वरने पाठवलं तुम्हाला," मी म्हणालो.

"मला कोण पाठवणार, पोरा? मला माझे गुडघेसुद्धा कुठे पाठवत नाहीत. पेला दाखव. मग पितो."

काढला पेला. त्यांनी तो दोन्ही तळव्यांत धरून उबवला, नाकाशी नेला, आणि त्यांची भुवई वर गेली. पुन्हा वास घेतला.

"अबू झैदान," माझ्या मुलाच्या नावाने मला हाक मारत ते म्हणाले, "हे वरचं गाडीचं नाही. हे जेवणाचं तेल आहे. जैतूनाचं."

"काय?"

"आणि तुझ्या खालच्या शेतातलं आहे. तिथे ती जुनी, रोमन काळची रोमी झाडं आहेत ना, त्यांचा हा कडू हिरवा वास. दुसऱ्या कुणाचं तेल असं येत नाही."

मग सगळं लख्ख जुळलं, आणि मी मांडीवर थाप मारली. "बघा! दरवर्षी पहिला डबा मी मिन्वरला देतो. माझंच तेल, माझ्याच ब्रेकमध्ये! काय माणूस आहे! खाल्ल्या मिठाला तरी जागायचं!"

अबू सख़रांनी मला बोलू दिलं. मग विचारलं, "दरवर्षी देतोस. या वर्षी दिलास?"

"या वर्षी कशाला देऊ? निवडणुकीत..."

"हे या वर्षीचं आहे. नवं आहे. गेल्या वर्षीच्या तेलाचा वास आता बसलेला असतो, हा अजून नाकात चढतो. माझ्या घाण्यातून निघून महिनासुद्धा झाला नाही याला." त्यांनी पेला माझ्या हातात दिला. "ते डबे कुठे गेले, बाबा?"

कुठेच गेले नव्हते. सगळे माझ्या स्वयंपाकघरात, भिंतीला लावून उभे होते. अबू सख़रांनी कॉफी प्यायली, आणखी नको म्हणून कप हलवून ठेवला आणि निघून गेले. मला वाटतं त्यांना तेव्हाच सगळं कळलं होतं.

आणि मी? मी शहाणा झालो असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही मला ओळखत नाही. माझा संशय फक्त फाटकातून आत आला. माझ्या घरातलं तेल, माझ्या घरातला माणूस. मुलगा झैदान अकाबाला नोकरीवर. आई शेजारच्या खोलीत असते, गुडघ्यांमुळे अंगणापर्यंत येत नाही. उरलं कोण? अठ्ठावीस वर्षांचा संसार, आणि मी जेवायला बसलो तेव्हा मसूरच्या आमटीचा आधी वास घेतला.

"काय झालं?" खिताम म्हणाली. "करपलीय?"

"गाडीला कुणी हात लावला होता?"

"कधी?"

"तोडणी सुरू झाल्यापासून. नीट आठवून सांग."

तिने हातातली पोळी खाली ठेवली. "मी लावला. तुम्हीच सांगितलंत म्हणून."

"मी काय सांगितलं?"

"तुम्ही इर्बिदला गेला होतात, तुमच्या मावसभावाच्या मयताला. मी घाण्यावरून डबे घेऊन येत होते. गाडीत लाल दिवा लागला. घाबरून कडेला घेतली आणि तुम्हाला फोन केला. आठवतंय?"

आठवायला लागलं होतं. ओळीने लोक बसलेले, कुराणाचं पठण चाललेलं, आणि माझा फोन वाजलेला. सगळ्यांच्या माना माझ्याकडे.

"तुम्ही म्हणालात, ब्रेकचं तेल कमी झालं असेल, पिवळं झाकण उघड आणि तेल घाल. मी विचारलं, कुठलं तेल? तुम्ही म्हणालात..."

"काय म्हणालो?"

"म्हणालात, तेल म्हणजे तेल! डोकं नको खाऊ! आणि फोन ठेवलात." तिचा आवाज आता चढला होता. "डिकीत आठ डबे तेल होतं, अबू झैदान. पेलाभर घातलं. काठोकाठ आलं. मग गाडीत बसले, हँडब्रेक थोडा वर राहिला होता तो खाली केला, आणि दिवा गेला. मला वाटलं, झालं काम. संध्याकाळी तुम्हाला सांगितलंसुद्धा, तेल घातलं म्हणून. तुम्ही म्हणालात, बरं."

आमच्या गाडीत हँडब्रेकचा आणि ब्रेकच्या तेलाचा दिवा एकच आहे. तेल कमी झालंच नव्हतं. आणि झालं असतं तरी, मिन्वर शंभरदा सांगायचा, कमी झालं की लगेच भर घालायची नसते. आधी ते गेलं कुठे ते बघायचं. मी शंभरदा ऐकलं होतं.

"मग इतके दिवस गप्प का बसलीस?" मी ओरडलो. "मी थांब्यावर त्या माणसाचं नाव घेतलं, तेव्हा का नाही बोललीस?"

"घरी सांगायच्या आधी थांब्यावर बोललात तुम्ही! मला शेजारणीकडून कळलं. पेला मागितला तर कुलूप लावलंत. मग माझ्या मनात पाल चुकचुकली, पण बोलायची हिंमत होईना." ती रडत नव्हती, रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "तीस वर्षांच्या मित्राला तुम्ही चारचौघांत खुनी ठरवलंत. मला काय ठरवलं असतंत? आत्ताच आमटीचा वास घेतलात ना? मी बघितलं. सगळं डोळ्यात तेल घालून बघता म्हणे! ब्रेकमध्ये घातलेलं तेवढं दिसलं नाही."

मी आमटी संपवली. एक थेंब न ठेवता. ती ते बघत राहिली.

दोन दिवसांनी अबू सख़र पुढे, त्यांच्यामागे गावातले तीन वडीलधारे आणि सगळ्यात मागे मी, असे आम्ही मिन्वरच्या घरी गेलो. चांगली बैठक घातली होती. मिन्वरने स्वतः कॉफी ओतली, पहिला कप अबू सख़रांना दिला, आणि त्यांनी तो खाली ठेवला.

"आमची एक मागणी आहे," ते म्हणाले.

"मागणी न ऐकताच मान्य," मिन्वर म्हणाला. "कॉफी थंड होतेय."

मला वाटलं होतं तो बोलेल, शिव्या देईल, मला उठून उभं राहायला लावेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही आणि माफ करून टाकलं. कॉफीत वेलची जास्त होती. मी काय झालं ते सगळं सांगितलं, फोनसकट, हँडब्रेकसकट. वडीलधारे हसले. मिन्वरही हसला, पाहुण्यांना बरं वाटावं इतपत.

तेवढ्यावर भागणार नव्हतं. अबू सख़रांच्या सांगण्यावरून मी थांब्यावर गेलो, त्याच सात जणांना गोळा केलं आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. दोन दिवस गावात दुसरा विषय नव्हता. मी गेलो की कुणीतरी ओरडायचं, "अबू झैदान, ब्रेकमध्ये झातरचा मसाला पण घाल की! नाश्ता होईल!" ते मी सोसलं. पण मिन्वरकडे पडीक असायचा त्या ड्रायव्हरला मी विचारलं, गाडी आता मिन्वरकडे नेणार ना? तो म्हणाला, "नेऊ की. बघू. तसं इर्बिदवालाही बरा आहे." मी म्हणालो, अरे, चूक माझी होती, सांगितलं ना? "हो हो," तो म्हणाला, "ते कळलं. पण तरी." या "पण तरी"ला काय उत्तर द्यायचं? मीच आयुष्यभर तेच म्हणत आलोय.

मग गाडी ओढून मिन्वरकडे नेली. त्याने नाही म्हटलं नाही. नुसतं धुऊन भागणार नव्हतं. जिथे जिथे तेल पोचलं होतं तिथलं रबर कामातून गेलं होतं. मास्टर सिलिंडरची किट, चारही चाकांच्या किट, सगळ्या नळ्या. मी नेहमीसारखी किल्ली खिळ्याला अडकवायला गेलो.

"हातात ठेव," तो म्हणाला. "आणि कुठे जाऊ नकोस. इथे उभा राहा."

प्रत्येक जुनं रबर काढलं की तो ते माझ्यासमोर धरायचा. "बघितलंस?" मग नवं धरायचा. "हे बघितलंस? पाकीट फोडलेलं नाही, बघ." चारही चाकं झाली. मग त्याने शेल्फवरून ब्रेक ऑइलचा नवा डबा काढला आणि माझ्या हातात दिला.

"सील बघ. नीट आहे?"

"मिन्वर, पुरे आता."

"नीट आहे का सांग."

"आहे."

"मग तूच फोड. उघडा डबा मी वापरत नाही, पाणी पितो तो. तूच भर."

मी फोडला. मी भरला. भरताना दोन थेंब बाहेर पडले. त्याने लगेच पाण्याने धुतले, गाडीचा रंग जातो म्हणून. मी पेडलवर बसलो. चाकापाशी आडवा होऊन तो म्हणायचा, "दाब." मी दाबायचो. "धर." मी धरायचो. नळीतून बुडबुडे निघायचे. "सोड." एवढेच तीन शब्द, चार चाकं. मध्ये एकदा मी म्हणालो की न्हाव्याने म्हणे माझ्या चुलतभावाशी सोयरीक जुळवलीय, दोन्ही पार्ट्या आता एकाच ताटात जेवणार. एरवी यावर त्याने अर्धा तास काढला असता. त्याने पाना फिरवला. "दाब," म्हणाला.

संपलं तेव्हा संध्याकाळची अजान होत होती. पेडल घट्ट लागत होतं, पहिल्या दिवसासारखं. त्याने बॉनेटखाली नवी तारीख लिहून चिकटवली, हात पुसले आणि झाकण आपटलं.

"दोन वर्षांनी," तो म्हणाला. "येताना साक्षीला एक माणूस घेऊन ये. तुझ्या गाडीला मी एकट्याने हात लावणार नाही."

"मी असतोच की इथे."

"तू नाही चालणार, हायल. माझ्या बाजूने बोलणारा हवा."

तो आत हात धुवायला गेला. मी गाडीत बसून या गावात मिन्वरच्या बाजूने बोलणारं कोण आहे ते आठवायला लागलो, आणि तीस वर्षांत तसा एकच माणूस मला आठवला. तो मीच होतो.